ज्ञानगोपन आणि ज्ञानदान

विद्या हें असें धन आहे कीं, तें खर्च केल्यानें वाढतें आणि सांठवून ठेवल्यानें क्षीण होतें, हा उपदेश आपल्यापैकीं प्रत्येकानें लहानपणीं पाठ केलेला असतो. पाठ केलेल्या उपदेशाचें जें व्हावयाचें तेंच याचेंही झालें आहे. तो सर्वांच्या जिभेवर आहे आणि फारच थोड्यांच्या आचरणांत आहे. गांवचा जुना वैद्य आपलें औषध सांगत नसे. सांगितलें कीं गुण जातो, अशी त्याची श्रद्धा. कारागीर आपल्या हातची खुबी पोटच्या मुलाखेरीज कोणास दाखवीत नसे. या सर्वांस कृपण म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु ज्ञान झांकून ठेवणाऱ्यास बहुधा कांहीं ना कांहीं कारण असतें, आणि तें पुष्कळदां सबळही असतें. म्हणून सुभाषिताचा आधार बाजूस ठेवून आम्ही येथें इतिहासाचा आधार घेणार आहों, आणि त्यासाठीं गोदावरी व मांजरा या दोन नद्यांच्या कांठचा, म्हणजे नांदेड आणि लातूर या भागांचा इतिहास निवडला आहे. ज्ञान झांकल्यानें काय होतें व वाटल्यानें काय होतें, या दोहोंचीही साक्ष या भूमीइतकी स्पष्ट अन्यत्र क्वचितच सांपडेल.

आरंभ माहूरपासून करूं. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोंकास असलेलें हें डोंगरावरील क्षेत्र दत्तात्रेयाचें म्हणून सर्वांस ठाऊक आहे. महानुभाव पंथही या स्थानास पूज्य मानतो, कारण त्याच्या पंचकृष्णांत दत्तात्रेयप्रभूंची गणना होते. या पंथानें तेराव्या शतकांत जें केलें तें त्या काळच्या मानानें केवढें धाडस होतें याची कल्पना आज सहसा येत नाहीं. श्रीचक्रधरांनीं आपलें तत्त्वज्ञान मराठींत सांगितलें, स्त्रियांस सांगितलें, आणि ज्यांस शास्त्राचे दरवाजे बंद होते त्यांसही सांगितलें. त्यांच्यामागें नागदेवाचार्यांकडे पंथाची धुरा आली. केशिराजांसारखे संस्कृतज्ञ पंडित त्यांच्या शिष्यवर्गांत होते. हे पंडित संस्कृतांत ग्रंथरचना करूं लागले, तेव्हां आचार्यांनीं त्यांस थांबविलें. अशानें माझ्या भोळ्या म्हाताऱ्या ज्ञानास मुकतील, अशा आशयाचें त्यांचें म्हणणें पंथाच्या ग्रंथांत नमूद आहे. ज्ञान कोणत्या भाषेंत सांगावें या प्रश्नाचें उत्तर पंडिताच्या सोईवरून न देतां, ऐकणाऱ्या म्हातारीच्या गरजेवरून द्यावयाचें, हा विचार शेंकडों वर्षांपूर्वीं याच मराठी भूमींत कोणी तरी बोलून दाखविला, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

याच पंथाच्या इतिहासांत दुसरीही एक गोष्ट आहे. शके १२०० च्या सुमारास म्हाइंभटांनीं गांवोगांव हिंडून, ज्यांनीं चक्रधरांस प्रत्यक्ष पाहिलें होतें अशांच्या तोंडून एकेक आठवण गोळा केली आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केलें. पुढें परचक्राच्या धामधुमींत मूळ पोथी नाहींशी झाली, असें पंथाची परंपरा सांगते. पोथी गेली, पण ग्रंथ गेला नाहीं. कारण तो अनेकांनीं ऐकला होता, अनेकांनीं पाठ केला होता. ज्याच्या त्याच्या स्मरणांतून तो पुन्हां लिहून काढण्यांत आला, आणि म्हणूनच आज त्याचे निरनिराळे पाठ आढळतात. संशोधकांस हे पाठभेद त्रासदायक होत असतील. आम्हांस ते एखाद्या बुडत्या घरांतून शेजाऱ्यांनीं ओढून काढलेल्या सामानासारखे वाटतात. सामान थोडें विस्कटलें आहे खरें, परंतु तें वांचलें आहे, आणि शेजाऱ्यांचा घरांत राबता होता म्हणूनच वांचलें आहे.

इतक्या उदार आरंभानंतर याच पंथानें आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत कोंडले. 'सह्याद्रिवर्णन' हें दत्तात्रेयांच्या माहूरचें काव्य लिहिणाऱ्या रवळो व्यासांकडे 'सकळ' लिपीचें कर्तृत्व परंपरेनें दिलें जातें. तिच्याखेरीज सुंदरी इत्यादि इतरही लिप्या प्रचारांत आल्या. यास कारण नव्हतें असें नाहीं. काळ धामधुमीचा होता. पंथाविषयीं समाजांत गैरसमज व द्वेष होता. आपलें पवित्र वाङ्मय अश्रद्धांच्या हातीं पडून त्याची विटंबना होऊं नये, ही भीति खोटी म्हणतां येणार नाहीं. परंतु परिणाम काय झाला? ज्या म्हाताऱ्यांसाठीं संस्कृत वर्ज्य केलें, त्यांच्याच नातवंडांस ती मराठी अक्षरओळख असूनही वाचतां येईना. मराठी गद्याचा आद्य व अत्यंत सुंदर ठेवा पांच-सहा शतकें मराठी भाषिकांच्या दृष्टिआड राहिला. ग्रंथ लोकांस दिसेनात, म्हणून पंथाविषयीं वाटेल त्या कंड्या पिकल्या. ज्या गैरसमजाच्या भीतीनें पडदा ओढला, तो गैरसमज पडद्यामुळेंच दुणावला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत राजवाडे, भावे, यवतमाळचे देशपांडे यांच्यासारख्यांचे परिश्रम आणि कांहीं महंतांचें औदार्य यांचा योग जुळून आला, तेव्हां कोठें हें भांडार उघडलें. आणि उघडतांच पंथाची प्रतिष्ठा वाढली, कमी झाली नाहीं. ज्ञानगोपनाचा हिशेब मांडावयाचा तो असा.

माहुराहून खालीं नांदेडास यावें. १७०८ सालच्या ऑक्टोबरांत गुरु गोविंदसिंगांनीं गोदावरीच्या कांठीं येथें देह ठेवला. त्यांच्यानंतर गादीवर कोण, हा प्रश्न साहजिक होता. शीख परंपरा सांगते कीं, त्यांनीं कोणा पुरुषाची नेमणूक न करतां ग्रंथसाहिबासच गुरुपद दिलें. या घटनेचा धार्मिक अर्थ सांगण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें पाहतां तींत एक विलक्षण गोष्ट दिसते. माणसाच्या ठिकाणीं असलेलें अंतिम प्रमाण उघड्या ग्रंथाच्या ठिकाणीं आलें. तो ग्रंथ कोणीही वाचावा, कोणीही ऐकावा. त्यावरून झांकण काढावयाचें तें सर्वांसमक्ष. आणि त्या ग्रंथांत काय आहे? शीख गुरूंच्या वाणीबरोबर कबीर आहेत, रविदास आहेत, शेख फरीद आहेत, आणि नामदेवांचीं ६१ पदें आहेत. नामदेवांचें जन्मस्थान म्हणून परंपरा ज्या नरसी बामणीचें नांव घेते, तें गांव आजच्या हिंगोली जिल्ह्यांत, म्हणजे नांदेडच्या शेजारींच आहे. मराठवाड्याचा एक शिंपी आपला अनुभव घेऊन पंजाबांत जातो. तेथील लोक १६०४ सालीं सिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत तो आदरानें बसवितात. आणि शंभर वर्षांनीं तोच ग्रंथ या शिंप्याच्या जन्मभूमीजवळ गुरुपदीं आरूढ होतो! नामदेवांनीं आपला भक्तीचा अनुभव पंढरीच्या वाळवंटापुरता राखून ठेवला असता, तर ही सांखळी जुळली नसती. जें दिलें तें दूर जाऊन, मोठें होऊन, परत दारीं आलें.

यानंतर मोठा काळ ओलांडून आम्ही निजामी अमदानीकडे येतों. येथें कुलूप लिपीचें नव्हतें, भाषेचें होतें. न्याय मात्र केला पाहिजे. १९१७ सालीं हैदराबादेस भाषांतराचें खातें निघालें व १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली. आधुनिक शास्त्रें देशी भाषेंतून शिकवावयाचीं, हा विचार त्या काळीं ब्रिटिश मुलखांतील विद्यापीठांसही न झेपलेला होता, आणि त्या खात्यानें केलेलें भाषांतराचें काम हें खरें ज्ञानदान होतें. परंतु ती देशी भाषा उर्दू होती, आणि संस्थानांतील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कानडी बोलणारी होती. नांदेडच्या किंवा लातूरच्या कुणब्याच्या मुलास उर्दूंतील रसायनशास्त्र जवळ जवळ इंग्रजींतील रसायनशास्त्राइतकेंच दूर होतें. उत्तम भांडार उभारावें आणि त्याची किल्ली थोड्यांच्याच हातीं असावी, असा हा प्रकार झाला. शिवाय सभा-संमेलनांस परवानगी घ्यावी लागे व खाजगी शाळांवर सरकारची करडी नजर असे. चार लोकांनीं एकत्र बसून चार गोष्टी एकमेकांस सांगणें हीच जेथें संशयाची बाब, तेथें वाचनालय काढणें हेंही धाडसच ठरे.

तें धाडस ज्यांनीं केलें त्यांत हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचें नांव पहिल्यानें घ्यावें लागतें. १९२१ सालीं, आज जो लोहारा तालुका म्हणून ओळखला जातो त्यांतील या लहानशा खेड्यांत ती शाळा निघाली. १९२९ सालीं सोलापूर-मुंबईकडचा कामगार चळवळींतील अनुभव गांठीं असलेले एक तरुण गृहस्थ तेथें मुख्याध्यापक म्हणून आले. त्यांचें नांव व्यंकटेश खेडगीकर. पुढें संन्यास घेतल्यावर सारा मराठवाडा त्यांस स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखूं लागला. हिप्परग्याहून ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेंत गेले आणि तेथून संस्थानच्या राजकारणांत. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचा इतिहास लिहितांना सत्याग्रह, तुरुंग व १७ सप्टेंबर १९४८ यांची वर्णनें होतात तीं योग्यच आहेत. परंतु त्या लढ्यांतील पुष्कळ कार्यकर्ते या शाळांच्या बांकांवरून उठून आलेले होते, हें विसरतां कामा नये. तेथील शिक्षक विद्यार्थ्यांबरोबर राहत, त्यांच्याबरोबर जेवत, आणि पुस्तकाबरोबर आपलें आयुष्यही त्यांच्यापुढें उघडें ठेवीत. ज्ञान सांगणें आणि अनुभव सांगणें या दोन गोष्टी तेथें एक झाल्या होत्या.

मुक्तीनंतर स्वामीजींनीं जें केलें तें याच विचाराचें पुढचें पाऊल होय. १९५० सालीं नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें. त्यापूर्वीं या भागांतील मुलास पदवी हवी असेल तर हैदराबाद गांठावें लागे. याच कॉलेजांत पुढें नरहर कुरुंदकर अध्यापक व नंतर प्राचार्य झाले. विद्यार्थिदशेंत परीक्षांशीं त्यांचें फारसें सख्य नव्हतें. पदवी हातीं येण्यापूर्वींच त्यांची विद्वत्ता नांदेडच्या शाळेंत व गांवांत मान्यता पावलेली होती. भरताच्या नाट्यशास्त्रापासून मनुस्मृतीपर्यंत आणि राज्यघटनेपासून संगीतापर्यंत त्यांचें वाचन पसरलेलें होतें. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्यांचें वैशिष्ट्य हें कीं, त्यांनीं ही विद्या विद्वानांच्या बैठकीपुरती ठेविली नाहीं. खेड्यांतील व्याख्यानमालेंत, कार्यकर्त्यांच्या शिबिरांत, रात्रीं उशिरापर्यंत रंगलेल्या गप्पांत, जो समोर बसेल त्यास ते आपलें सर्व देत. त्यांच्या पुष्कळ ग्रंथांस व्याख्यानांचें स्वरूप आहे तें यामुळेंच. १० फेब्रुवारी १९८२ रोजीं औरंगाबादेस व्यासपीठावरच त्यांचें देहावसान झालें. वय अवघें एकोणपन्नास. त्यांनीं बोलण्यांत वेळ दवडला, लिहिलें असतें तर अधिक झालें असतें, असें हळहळून म्हणणारे लोक आहेत. आम्हांस तें पटत नाहीं. ग्रंथ दहा अधिक झाले असते. पण मराठवाड्यांतील एका सबंध पिढीस विचार करण्याची जी संवय लागली, ती केवळ ग्रंथांनीं लागली नसती.

आतां मांजरेकडे वळूं. लातूर हें फार जुनें नांव. राष्ट्रकूट राजे स्वतःस लट्टलूर नगरीचे अधिपति म्हणवीत, आणि तें लट्टलूर म्हणजे हेंच, असें बहुतेक विद्वान् मानतात. परंतु आधुनिक काळीं लातूरची ख्याति झाली ती शाळा-कॉलेजांमुळें. १९६१ सालीं दयानंद महाविद्यालय व १९७० सालीं राजर्षि शाहू महाविद्यालय स्थापन झालें. दुसऱ्याचे प्राचार्य जनार्दन वाघमारे हेच पुढें १९९४ सालीं नांदेडास स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरु झाले. लातूरच्या शिक्षकांनीं वर्गाबाहेर जादा शिकवणें, पुनःपुन्हां सराव परीक्षा घेणें, उत्तरपत्रिकेंतील प्रत्येक चूक विद्यार्थ्यास समोर बसवून दाखविणें असा क्रम ठेविला, आणि मागासलेला म्हणून हिणविलेल्या भागांतील मुलें राज्याच्या गुणवत्ता यादींत झळकूं लागलीं. लोक यास 'लातूर पॅटर्न' म्हणूं लागले. त्यावर टीकाही पुष्कळ झाली. ही घोकंपट्टी आहे, यांत विचारास वाव नाहीं, असे आक्षेप निघाले, आणि ते सर्वस्वीं निराधार नाहींत. खाजगी शिकवण्यांचा बाजार वाढला तसें एक नवें कुलूपही दिसूं लागलें. लिपीचें नव्हे, भाषेचें नव्हे, तर शुल्काचें. तथापि मूळ कल्पना उदार होती हें मान्य केलें पाहिजे. मोठ्या शहरांतील हुशार घरांस ठाऊक असलेल्या अभ्यासाच्या युक्त्या शेतकऱ्याच्या मुलास उघड करून सांगणें, हेंच त्या यशाचें रहस्य होतें.

येथवर जें सांगितलें त्यांत ज्ञान न मिळाल्यानें झालेलें नुकसान हें वाङ्मयाचें, प्रतिष्ठेचें किंवा संधीचें होतें. यापुढील हकीकतींत तें प्राणांचें आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून गांवें झोंपीं गेलीं असतां, पहाटे चारच्या सुमारास औसा तालुक्यांतील किल्लारी आणि भोंवतालच्या गांवांखालची भूमि हादरली. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसें मेलीं. भूकंप जगांतील मोठ्या भूकंपांच्या मानानें मध्यमच होता. इतकीं माणसें मारलीं तीं घरांनीं. त्या भागांतील घर म्हणजे दगड व चिखल यांच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, आणि वर लांकडी खांब-तुळयांवर मातीचें माळवद. भिंत जाड म्हणून बळकट, अशी सर्वांची समजूत. वास्तविक ती भिंत एक नव्हे, दोन असत. आंतली व बाहेरची अशा दोन दगडी कातड्या, आणि मधें चिखल व चिपा. दोहोंस सांधणारा, आरपार जाणारा लांब दगड क्वचितच घातलेला. वर माळवद गळूं नये म्हणून दर पावसाळ्यापूर्वीं मातीची भर पडे, आणि पिढ्यान्पिढ्या छपराचें ओझें वाढत जाई. जमीन हालतांच भिंतीच्या दोन कातड्या दोहोंकडे फुटल्या आणि तें सारें ओझें झोंपलेल्यांच्या अंगावर आलें.

आतां ही गोष्ट कोणास ठाऊकच नव्हती काय? ठाऊक होती. याच राज्यांत ११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनेचा भूकंप झाला होता, आणि दगडमातीच्या भिंती कशा पडतात हें अभियंत्यांनीं तेथें पाहून लिहून ठेविलें होतें. भूकंपास टिकणारें बांधकाम कसें करावें याचें भारतीय मानकही १९६७ सालींच प्रसिद्ध झालें होतें. दख्खनचें पठार स्थिर आहे अशी त्या वेळीं शास्त्रज्ञांचीही समजूत होती, व लातूरचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या विभागांत घातलेला होता, हें खरें. म्हणून कोणा एकावर दोष ठेवणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु १९९२ सालापासून किल्लारीच्या लोकांस धक्के जाणवत होते, त्या वर्षीच्या ऑक्टोबरांतील धक्का तर चांगलाच मोठा होता. आणि तरीही आरपार दगड घालावा, माळवदाची माती उतरवावी, ही दोन वाक्यांची माहिती गवंड्याच्या कानापर्यंत पोंचली नव्हती. ती इंग्रजी अहवालांत होती. सहाशे वर्षांपूर्वीं महानुभावांनीं मुद्दाम सकळ लिपी घडविली. येथें कोणीही मुद्दाम कांहीं केलें नाहीं, तरी परिणामीं ते अहवाल सकळ लिपींतच लिहिल्यासारखे झाले.

त्यानंतर मात्र एक चांगली गोष्ट घडली. अगदीं उद्ध्वस्त झालेलीं ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. ज्या शेंकडों गांवांतील घरें उभीं होतीं तेथें तीं दुरुस्त व बळकट करावयाचीं होतीं. घरमालकानें स्वतः करावयाचें हें काम, आणि तें कसें करावें हें सांगणार कोण? 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साहाय्यानें १९९४ नंतर गांवोगांवच्या स्त्रियांतून संवाद सहाय्यक निवडण्यांत आल्या. ज्या स्त्रीनें परक्या पुरुषापुढें तोंड उघडलें नव्हतें, ती अभियंत्यास प्रश्न विचारूं लागली आणि त्याचें उत्तर शेजारणीस तिच्या बोलींत सांगूं लागली. दारांच्या वरच्या अंगास सबंध घराभोंवतीं सिमेंट-लोखंडाचा पट्टा कां हवा, भिंतींत आरपार दगड किती अंतरावर हवा, खांब व तुळई यांच्या सांध्यास तिरकस आधार कां द्यावयाचा, हें ज्ञान प्रथमच स्वयंपाकघरापर्यंत आलें. नागदेवाचार्यांच्या त्या म्हाताऱ्यांची आम्हांस येथें आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

आणि तें तेथेंच थांबलें नाहीं. २६ जानेवारी २००१ रोजीं कच्छांत भूकंप झाला, तेव्हां लातूर व उस्मानाबादकडील या स्त्रिया तेथें गेल्या. त्यांच्याजवळ देणगी देण्यास पैसा नव्हता. भाषा निराळी, मुलूख निराळा. परंतु घर पडणें म्हणजे काय, नुकसानभरपाईच्या यादींत आपलें नांव पाहण्यासाठीं रांगेंत उभें राहणें म्हणजे काय, आणि पुन्हां छपराखालीं झोंपण्याचें धैर्य कसें येतें, हें त्यांस ठाऊक होतें. आणि हें कोणत्याही अहवालांत लिहितां येत नाहीं.

या सर्व हकीकतींतून आम्हांस जें दिसतें तें थोडक्यांत असें. ज्ञान झांकणारा नेहमींच दुष्ट नसतो. तो कधीं भ्यालेला असतो, कधीं आपल्या भाषेंत गुरफटलेला असतो, आणि कधीं तर आपण कांहीं झांकलें आहे याची त्यास कल्पनाही नसते. हा तिसरा प्रकार आम्हां सुशिक्षितांच्या घरांत सर्वांत अधिक आहे. आपण वाचतों, प्रवास करतों, आजारपणें, कोर्टकचेऱ्या, मुलांची शिक्षणें यांतून पुष्कळ शिकतों. आणि तें सांगण्यासारखें आहे असें आपणांस वाटतच नाहीं. दोन वाक्यांची माहिती आपल्या खिशांत पडून राहते, आणि शेजारीं कोणी तरी तिच्यावांचून अडतो. किल्लारीजवळच्या जुन्या पडक्या भिंतींत आजही कोठें कोठें तो चिखल-चिप्यांचा मधला थर उघडा पडलेला दिसेल. वाचकांपैकीं कोणी त्या बाजूस गेल्यास थोडें थांबून तो अवश्य पाहावा, आणि बरोबर मुलें असतील तर भिंत कां पडली तें त्यांस सांगावें.